झाकण उघडून बघणारा न्हावी

एका गावात एक न्हावी होता, पण तो एका जागी कधीच नव्हता. बसला तरी गुडघा हलायचा, गप्प राहिला तरी कात्री कचकचायची. भात शिजतोय का बघायला दहादा झाकण काढायचा, आणि भात कच्चा राहिला की बायकोवरच खेकसायचा. अख्खं गाव त्याला भिंगरी म्हणायचं.

गाव खाडीच्या काठावर. शिमगा उलटला की विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. बाकीचे तोंड वाकडं करून प्यायचे, पण न्हाव्याच्या म्हाताऱ्या आईला ते सोसायचंच नाही. मागच्या उन्हाळ्यात तर ती अंथरुणालाच खिळली. वैद्य म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात हिला गोडं पाणी पाज. नाहीतर मला बोलवू नकोस. माझ्याकडे दुसरं औषध नाही."

न्हावी जाम घाबरला. त्यानं गवंडी बोलावून अंगणात जमिनीखाली टाकी बांधून घेतली, छपराच्या कडेला पन्हळ लावली. पावसाळ्यात बायकोनं पहिले चार दिवस पाणी केळीला सोडलं. कौलांवरचा कावळ्यांचा सगळा कारभार धुऊन गेला, तेव्हा कुठे पन्हळीचं तोंड टाकीकडे वळवलं. तेही दुपदरी फडकं बांधून. दसऱ्यापर्यंत टाकी काठोकाठ भरली. गवंड्यानं वर फरशी सरकवली आणि कडेनं चिखल लिंपला.

"आता शिमग्यालाच उघड," तो म्हणाला. "आत उजेड गेला की शेवाळ, फट राहिली की डास. तुला काही करायचं नाही. फक्त गप्प बस."

फक्त गप्प बस! माशाला सांगा की बाबा, पोहू नकोस.

तिसऱ्या दिवशीच न्हाव्याचे हात शिवशिवायला लागले. टाकी गळत तर नसेल? त्यानं फरशी सरकवली. गळत नव्हती. पाचव्या दिवशी वाटलं, परवा नीट दिसलंच नाही. पुन्हा सरकवली.

"अहो, परत?" बायको ओरडली.

"नुसतं बघतोय गं! बघून काय पाणी संपतं?"

मग गिऱ्हाइकांची पाळी आली. अर्धी दाढी झालेल्या माणसाला हा फेसासकट उठवून टाकीपाशी न्यायचा. "वाका, वाका! आरशासारखं तोंड दिसतं बघा!"

"अरे, दाढी पुरी कर की आधी!"

पुढे पुढे त्याला फरशी परत लावायचाही कंटाळा यायला लागला. 'उघडायचीच आहे ना थोड्या वेळानं,' म्हणून चार बोटं फट तशीच ठेवायचा. चिखल तर केव्हाच गळून पडला होता.

शिमगा आला, विहीर मचूळ झाली. आईनं दोन घोट घेतले आणि ओकून टाकले. ओठ सुकले तिचे. न्हावी म्हणाला, "आई, थांब! तुझं पाणी तयार आहे!" कळशी घेऊन तो ऐटीत निघाला. मागून निम्मं गाव. त्यानं फरशी पार बाजूला ढकलली.

भपकन वास आला. पाणी हिरवंगार, आणि त्यात नुसत्या अळ्या वळवळत होत्या. एक म्हणून एका जागी थांबत नव्हती.

"भिंगरीची पोरं ही!" कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

न्हावी हसला नाही. तो कळशी घेऊन तिथेच बसला. जन्मात पहिल्यांदा त्याचा गुडघा हलत नव्हता. आत आई आहे, तिला आता काय सांगायचं?

बायको घरात गेली. सासूच्या खाटेखालून तिनं चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या ओढून काढल्या. तोंडं मेणानं बंद. पाणी उकळून, निववून तिनं सासूला पाजलं. आईनं डोळे उघडले.

"हे कुठलं?" न्हाव्यानं विचारलं.

"पन्हळीचंच. पावसाळ्यातच भरून ठेवलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर बरण्याही उघडून बघितल्या असत्यात!"

आई क्षीण आवाजात म्हणाली, "अगं, हा नऊ महिने पोटात तरी कुठे थांबला? सातव्यातच बाहेर आला मेला, काय चाललंय बघायला!"

बरण्या पंधरा दिवसांत संपल्या. मग पाऊस येईपर्यंत न्हावी रोज पहाटे कावड घेऊन डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायचा. तीन कोस जा, तीन कोस ये. पायाला भिंगरी होतीच, आता तिला कामही मिळालं.

पुढच्या दसऱ्याला घासूनपुसून घेतलेली टाकी पुन्हा भरली, चिखल लिंपला. हात तर शिवशिवणारच. म्हणून न्हाव्यानं स्वतःच गिऱ्हाइकांचा पाट उचलला आणि बरोब्बर फरशीवर मांडला. आता उघडायची हुक्की आली की वर कुणीतरी बसलेलं असायचं. मग काय, त्याचं डोकं नाहीतर दाढी करा! त्या वर्षी गावातली सगळी डोकी जरा जास्तच बारीक झाली.

शिमग्याला पाट उचलला, फरशी सरकवली. तळाचा खडा दिसेल असं नितळ पाणी! आईनं उकळलेलं, निवलेलं पाणी भांडंभर प्यायलं आणि तोंड पुसलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "आता झाक."

तात्पर्य: पाणी साठवायला टाकी लागते, पण ते पिण्याजोगं राहायला धीर लागतो. तेवढा धीर नसेल, तर झाकणावर कुणालातरी बसवून ठेवा!