सावूआक्काचा गार हात

कोण्या जुन्या काळी कड्याखालच्या माचीवर मध काढणारी माणसं राहत. त्यांतला लुमा एकदा दोरावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. वैदूनं कामट्या बांधल्या, हाड सांधलं. पण कामट्या सोडल्या तर पाय लाकडासारखा ताठ. पाय वाकल्याशिवाय कडा चढता येत नाही आणि कडा चढल्याशिवाय चूल पेटत नाही. त्याची बायको राही मोठी हिमतीची. तिनं तेल घेतलं आणि अंगातला सगळा जोर लावून पाय रगडला. दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला. जोर लावला की लवकर बरं होतं, असं वाटलं होतं बिचारीला.

मग तिनं ओढ्याकाठी जाऊन पलीकडच्या सावूआक्काला हाक मारली. चोळावं तर सावूआक्कानंच, अशी तिची ख्याती. ओढा दुथडी भरून वाहत होता. तरी भर दुपारी आक्का दारात उभी.

"तेल कोमट कर, राही. आन दार उघडं ऱ्हाऊ दे."

असं म्हणतात, की आक्काचा हात पायावरून पाण्यावरच्या पानासारखा फिरायचा. खालून वर, हळूहळू. लुमा कण्हला की तिथंच थांबायचा. रोज दुपारी ती येई. सूज उतरली, घोटा हलू लागला, लुमाला झोप लागू लागली. फक्त तो म्हणे, "आक्काचा हात लई गार हाय गं."

एके दिवशी राहीचं लक्ष आक्काच्या लुगड्याकडे गेलं. ओढ्याला छातीभर पाणी, आणि लुगडं कोरडं. दुसऱ्या सकाळी तिनं काठावरून पलीकडच्या गुराख्याला विचारलं, "आक्का कुठनं उतरून येती रं?"

"कोन, सावूआक्का? पयल्या पुरातच बुडाली ती. आमीच जाळली."

राही तशीच घरी परतली. दार लावावं तर लुमाचा पाय अर्धवट राहणार. उघडं ठेवावं तर घरात येणार कोण? दुपार झाली. तिनं दार उघडंच ठेवलं. आक्का आली, तशी राही तिच्याशेजारी बसली आणि आपला हात तिच्या गार हाताखाली सरकवला.

"जोर नगं, बाई," आक्का म्हणाली. "दुखऱ्या अंगाला आदी इचारायचं."

कितीतरी दुपारी तसं चाललं. एकदा राही चोळत राहिली आणि मान वर करून बघते, तर शेजारी कुणी नाही. हाताच्या पाठीवर गारवा मात्र तसाच होता. पुढच्या हंगामात लुमा कड्यावर चढला, असं म्हणतात.

आजही माचीवर कुणाचा पाय मुरगळला, तर तेल कोमट करतात आणि दार उघडं ठेवतात. चोळणारा दुखऱ्या जागेवर नुसता हात ठेवून वाट बघतो. हाताच्या पाठीवर गार लागलं की मगच तो हात हलवतो. ज्याला गार लागत नाही, त्याला माचीवर कुणी चोळू देत नाही.