घाणा हाकणारा पुरुष

दख्खनेत सुलतानी अंमल नवा होता, तेव्हाची गोष्ट. मुसलमान नसलेल्या पुरुषांनी जिझिया कर भरायचा, बायकापोरांना माफ, असा हुकूम होता. म्हणून विधवा सटवा तेलिणीला कर नव्हता. ती एकटी घाणा चालवायची. शेजारच्या भागूच्या पोटात हेच दुखायचं. तिचा नवरा दिवसभर पारावर लोळायचा, आणि त्याचा कर भागू राबून भरायची. सटवाचा तुकतुकीत बैल दिसला की भागू कडाकडा बोटं मोडायची.

वसुलीला अंमलदार आला, तसं तिनं त्याला गाठलंच. "हुजूर, सटवा कसली बाई? घाणा हाकते, पोती उचलते. पुरुषच की ती!"

अंमलदाराला तेवढंच हवं होतं. सटवाला पारासमोर बोलावून मिशी पिळत तो म्हणाला, "पुरुषाचं काम करील तो पुरुष. तेलिणी, कर भर, नाहीतर बैल सोडून नेतो."

बैल गेला की घाणा बंद, चूल बंद. सटवानं पदर खोचला.

"लिहा हुजूर, मी पुरुष. मग पारावर हे लोळतायत त्यांना बायकांत लिहा. नको, बायका कामं करतात. तान्ह्या पोरांत लिहा, आणि कर माफ करा!"

पारावरचे सगळे ताडकन उठले. भागूचा नवरा सर्वांत पुढे, बायकोकडे बोट दाखवत. "खरंय हुजूर! मला हीच भरवते!"

अंमलदारानं घाईनं वही मिटली. "बाई ती बाई, पुरुष तो पुरुष! काढा कर!"

सटवा बैल घेऊन घरी गेली. तिला नवरा नाही, याचासुद्धा त्या दिवशी भागूला हेवा वाटला.