भोगीची पाटी आणि न बसणारी उंटीण

हिवरदरी गावात अंबागीर महाराज राहत असत, तेव्हाची ही हकिकत. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा मठ होता. महाराजांना खाण्यापिण्याची हौस म्हणून नव्हती. पण थंडीतल्या भाज्यांवर मात्र त्यांचा भारी जीव. पावट्याची कोवळी शेंग हातात आली की ते लेकरासारखे हरखत. म्हणत, "ही काय भाजी आहे? देवानं स्वतःच्या हातानं वाढलेलं पान आहे हे!"

भोगीला मठात साऱ्या गावाची पंगत बसे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. त्या भाजीची पाटी एकाच घरच्या वाफ्यांतून यायची, अशी मठाची रीत होती, आणि तो मान कित्येक वर्षं चंद्रभागेचा होता. शेत विहिरीखालचं, हात राबता, वांगी अशी तुकतुकीत की बघत राहावं. पाटी डोक्यावर घेऊन ती मठाच्या पायऱ्या चढे तेव्हा तिची मान ताठ असे. ती पाटी ठेवून हात जोडी, पण वाकत मात्र नसे. कुणी हटकलंच तर म्हणे, "पाटी वाहून मान आखडलीय बया!"

बांधापलीकडे तिची धाकटी जाऊ वेणू. वाटणीत तिला उताराचा लहानसा तुकडा आला होता. त्यात चार वाफे आणि बाकी सगळी जनावरं. जनावरं तरी कसली! पंख मोडलेली एक लांडोर, एक आंधळं गाढव, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक उंटीण. काठेवाडी मेंढपाळांचा तळ गावाबाहेर पडला होता, तेव्हा त्यांनी ती मागे टाकली. तिचा पुढचा गुडघा कायमचा आखडलेला. उंट खाली बसला नाही तर त्याच्या पाठीवर ओझं लादायचं कसं? बसता न येणारी उंटीण त्यांच्या काय कामाची? वेणूनं तिला दाव्याला धरून घरी आणलं.

"जावेनं घरात हत्ती तेवढा आणायचा ठेवलाय," असं चंद्रभागा पाणवठ्यावर सांगे, आणि बाया पोट धरून हसत. वेणूही हसे. ते तिचं हसणंच चंद्रभागेला सहन होत नसे.

त्या वर्षी काय झालं, महाराज ओढ्यावरून येताना वेणूच्या वाफ्यापाशी थांबले. वाल जांभळ्या फुलांनी भरला होता. महाराजांनी एक शेंग तोडून अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी उंटिणीला दिली आणि म्हणाले, "पोरी, यंदाची भोगीची पाटी तुझी."

गावभर बातमी झाली. चंद्रभागेच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं स्वतःची वांगी पुन्हा पुन्हा पाहिली, हरभरा चाखला, गाजर उपटून धुऊन पाहिलं. कशात काही कमी नव्हतं. मग आपल्यातच काय कमी आहे, या विचारानं तिला घास जाईना. जाऊ दिसली की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होई. आणि वेणू बांधावरून हाका मारी, "आक्का, पाटीत आधी काय घालू वं? तुमीच सांगा, मला काय कळतंय!"

"घाल तुझी उंटीण," असं म्हणून आक्का पाठ फिरवी.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी मठात कीर्तन होतं. सारं गाव तिकडे लोटलं. चंद्रभागा डोकं दुखतं म्हणून मागे राहिली. शेतं सामसूम झाली तशी ती आपल्या कुंपणाचं फाटक ढकलून बाहेर पडली आणि थेट जावेच्या गोठ्याशी गेली. तिनं उंटिणीचं दावं सोडलं, गाढवाचंही सोडलं. मग वाफ्यांपुढचं बाभळीच्या फांद्यांचं फाटक ओढून उघडं टाकलं. काटा बोटात मोडला, त्याचंही तिला भान नव्हतं. उद्या वेणू रिकाम्या हातानं रडत येईल. दोष जाईल मुक्या जनावरावर. गाव म्हणेल, हाकला त्या धुडाला. आणि पाटी येईल पुन्हा आपल्या डोक्यावर!

उंटीण लंगडत वाफ्यात शिरली. चंद्रभागा बाभळीआड उभी राहून पाहू लागली. आता मान खाली जाईल, आता वाल ओरबाडेल.

मान खाली गेली नाही. वालाच्या ताटव्यापलीकडे घोंगडी पांघरलेले महाराज उभे होते! त्यांचा एक हात उंटिणीच्या गळ्यावर होता. गाढव त्यांच्या पायांशी मुकाट उभं होतं. महाराजांनी मागे वळूनही पाहिलं नाही. नेहमीच्याच मऊ आवाजात ते म्हणाले, "चंद्रभागे, फाटक उघडं राहिलंय बघ. लाव तेवढं."

तिनं कसंबसं फाटक लावलं आणि रस्त्यानं मठाकडे धूम ठोकली. पाहते तो काय! मठ माणसांनी गच्च भरलेला, आणि मधोमध महाराज कीर्तनात रंगलेले. तिनं दाराशी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "महाराज मधी कुठं उठून गेलं व्हतं का?"

"येडी का काय तू? सुरुवातीपासनं तिथंच हाईत!"

महाराजांच्या घोंगडीवर वालाची जांभळी फुलं चिकटलेली होती. ती एकट्या चंद्रभागेनंच पाहिली.

भोगीची सकाळ उजाडली. कालच्या धांदलीत चंद्रभागेचं स्वतःचं फाटक तसंच उघडं राहिलं होतं. ती मठातच होती तेव्हा संध्याकाळी परतणारी गावची गुरं आत शिरली आणि वाफे तुडवून, खाऊन गेली होती. वांगं नाही, गाजराचा पाला नाही. ती बांधावर मटकन बसली. इतकी वर्षं मान तिच्याकडे होता. आज पाटीत टाकायला एक शेंग उरली नव्हती.

वेणू धावत आली. वाफ्यांकडे पाहून तिच्याच डोळ्यांना पाणी आलं. "आक्का, रडू नगा. माझी पाटी हाय ना! उठा. दोघी मिळून नेऊ. एक कड तुमी धरा."

यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं चंद्रभागेला वाटलं. तिनं पाटीची कड धरली. मागून उंटीण आणि गाढव, अशी ती वरात मठाच्या अंगणात आली.

"कुणाच्या शेतातली ही पाटी?" महाराजांनी विचारलं.

"आमा दोघी जावांची," वेणू म्हणाली.

चंद्रभागेच्या हातातून कड सुटली. "न्हाई महाराज! हिची एकटीची हाय. काल मी जनावरं सोडली. हिचे वाफे उजाड व्हावेत म्हणून मी फाटक उघडलं. मला बघवत नव्हतं वं हिचं!"

वेणू जावेकडे बघतच राहिली. महाराज उठून जवळ आले.

"बोललीस, बरं केलंस," महाराज म्हणाले. "मान कुणाचा, हे देव पाटी बघून ठरवत नाही, बाई. आता आमच्या पाया पडू नकोस. ज्या मुक्या जिवावर आळ घालणार होतीस, त्याच्यापुढं जा."

चंद्रभागा उंटिणीपुढं उभी राहिली. गाव पाहत होतं. पण आज तिला गावाचं काही वाटलं नाही. जी मान महाराजांपुढंही कधी वाकली नव्हती, ती खाली गेली, कपाळ मातीला टेकलं आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

तेवढ्यात वेणू ओरडली, "अगं बया, बघा बघा!"

उंटिणीचा आखडलेला गुडघा हलला. एक पाय मुडपला, मग दुसरा. आणि ते एवढं मोठं धूड हळूहळू खाली आलं. चंद्रभागेनं डोळे उघडले तेव्हा उंटिणीची लांब मान तिच्या शेजारीच जमिनीला टेकलेली होती.

महाराज हसले. "आता चूल पेटवा," म्हणाले, "आणि या दोघींना उठवायची घाई करू नका."