सटवाईनं वसूल केलेल्या वांट्याची कहाणी

ऐक सटवाई माते, तुझी कहाणी. नदीच्या अलीकडं एक आटपाट नगर होतं. तिथं केरोबा तांबट राहायचा. बायको आवडाई, पोटीं दोन लेकी. एके दिवशीं केरोबानं हातोडी उचलली, नदी ओलांडली, पलीकडच्या राज्यांत दुसरा संसार मांडला. इकडं चूल थंडावली.

मग आवडाई राजाकडं गेली. राजा म्हणाला, "टाकल्या लेकरांना बापानं अर्धी कमाई द्यावी, हा माझा कायदा. पण बाई, नदीपलीकडं माझी द्वाही फिरत नाहीं." मग ती पलीकडच्या राजाकडं गेली. तो म्हणाला, "लेकरं माझ्या राज्यांतलीं नव्हेत."

मग ती नदीकांठीं सटवाईच्या शेंदरी दगडापाशीं रडत बसली. मागून कुणी म्हातारी बोलली, "रडूं नको. तीन षष्ठ्यांचा वसा घे. भर दुपारीं लेकींपुढं रिकामीं पानं मांड. बापाचं नांव घे. 'वांटा दे' असं तीनदां म्हण." आवडाई वळून बघते, तों कुणी नाहीं. वाळूंत पाऊलही नाहीं.

पहिली षष्ठी आली. केरोबानं घास उचलला, तों तोंडांत कांहींच नाहीं. दुसरी षष्ठी आली. त्याच्या भातांत इवल्या बोटांचे ठसे उमटले, बघतां बघतां भात सरला. नवी बायको किंचाळत माहेरीं पळाली. तिसरी षष्ठी आली. केरोबा दाराला कडी लावून एकटाच बसला. दोन्ही कानांशीं चावल्याचा आवाज येऊं लागला.

"कोण गं?"

"आम्ही."

"काय हवं?"

"आमचं."

इकडं दर षष्ठीला लेकी रिकाम्या पानांवरून ढेकर देऊन उठल्या. आवडाईच्या अंगावर कांटा आला, पण तिनं वसा मोडला नाहीं.

मग केरोबा धांवत पलीकडच्या राजाकडं गेला, सगळं कबूल केलं. राजाही भ्याला. दोन्ही राजे भरनदींत नावेवर भेटले. ठरलं, एकाचा हुकूम दुसऱ्याच्या राज्यांत चालावा. बाप जिथं राबेल, तिथल्या मालकानं अर्धी मजुरी कापून लेकरांना पोंचती करावी.

मग केरोबा आवडाईच्या दारीं आला. सुकून काडी झाला होता. म्हणाला, "मी परत येऊं का?"

आवडाई म्हणाली, "तुम्ही नका येऊं. वांटा येऊं द्या."

आणि तिनं दार लावून घेतलं.

जशी सटवाई आवडाईच्या लेकींना पावली, तशी तुम्हां आम्हां सर्वांच्या लेकरांना पावो. बहुतां बोलांची कहाणी थोडक्या बोलीं सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.