पहिली सांध

“मेस्त्रीनू, आता तरी सांगा... मी मेस्त्री झालंय काय नाय?”

धाकू मेस्त्रींच्या हाताखालच्या बारा वर्षांत जानूने हे पहिल्यांदाच विचारलं. विचारायचा हक्क त्याने कमावला होता. मागे खाडीच्या वाळूवर त्याने एकट्याने बांधलेला मचवा उभा होता, आणि इतका देखणा मचवा त्या काठावर कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

धाकू मेस्त्रींच्या घराण्यात चार पिढ्या होड्या बांधत आलेल्या. कागदावर कुणी कधी रेघ ओढली नाही. वीत, बोट आणि डोळा, एवढ्यावर त्यांची गलबतं पार मस्कतपर्यंत जाऊन आली. जानूला त्या हातांचा फार अभिमान होता. अलीकडे त्याहून थोडा जास्त स्वतःच्या हातांचा.

म्हातारा म्हणाला, “पाणी भर.”

“भितर?”

“मगे खंय?”

ही तिथली रीत. मचवा दर्यात लोटण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरायचं आणि बाहेरून बघत राहायचं. जिथून पाणी बाहेर येतं, तिथूनच उद्या दर्या आत शिरणार.

“भरतंय. पण एक थेंब गळाचो नाय, सांगान ठेवतंय.”

घागरींवर घागरी रिकाम्या झाल्या. गावातली चार माणसं जमली. फळ्या बाहेरून ठणठणीत कोरड्या. जानूची छाती फुगली.

तेवढ्यात पुढच्या टोकाखाली काहीतरी चमकलं...

थेंब.

अख्ख्या मचव्यात फळ्यांमधली तेवढी एकच सांध जानूने भरली नव्हती. पहिल्या सांधीत पाणी अडवणारा कापूस ठोकायचा तो गुरूने, अशी त्या घराण्याची प्रथा. महिन्यापूर्वी धाकू मेस्त्रींनीच तो थरथरत्या हाताने ठोकला होता.

जानू पुढे झाला आणि त्या सांधीला पाठ टेकून उभा राहिला. चार माणसांत म्हाताऱ्याची शोभा होऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सदरा पाठीवर भिजत चालला.

“काय झाला?” मेस्त्रींनी विचारलं.

“माझी चूक, मेस्त्रीनू. मीच कापूस कमी भरलंय.”

“सरक.”

जानू सरकला. म्हाताऱ्याने बोटावर थेंब टिपला. मग कापूस ठोकायची आपली जुनी मोगरी पुढे केली.

“माझो कापूस काढ. तुझो भर.”

जानूने हात मागे घेतला. “तुमचो कापूस मी कसो काढू?”

“माझ्या बापाशीचो मी काढलंय. तेच्या डोळ्यांदेखत.”

जानूने मोगरी घेतली. मचव्यातलं पाणी उपसलं, जुना कापूस काढला. पहिला ठोका चुकला, दुसरा बसला. नवा कापूस ठोकून, पुन्हा पाणी भरून होईतो दुपार कलली. सांध कोरडी राहिली.

जानू मेस्त्रींच्या पायाशी बसला. “सकाळी इचारलंय, तेचा काय ता...”

“पाण्यान सांगल्यान. आता माका कशाक इचारतंस?”