आधी तुम्ही खा, महाराज

रणधवल नावाचा एक राजा होता. राजाच तो, त्याच्या बडबडीला आवर घालणार कोण? एकदा भर पंगतीत सांगत सुटला, "पूर्वीची माणसं म्हणजे नुसती जनावरं! एकमेकांच्या जिवावर उठायची. आता माणूस किती सुधारलाय!"

सगळे हांजीहांजी करत माना डोलवत होते. तेवढ्यात शेजारी बसलेला म्हातारा भिवाजी फिसकन हसला. राजाच्या ताटातलं आधी आपण खाऊन बघायचं, विष असलं तर आपण मरायचं, ही त्याची चाकरी.

राजा भडकला. "हसतोस? माणूस सुधारला नाही हे आत्ता दाखव, नाहीतर मुंडकं उडवीन!"

भिवाजीनं बासुंदीची वाटी न चाखताच पुढं सरकवली. "सुधारलाय ना, महाराज? मग आज आधी तुम्हीच खा."

राजानं वाटी उचलली. धाकट्या भावाकडं बघितलं, दिवाणाकडं बघितलं आणि वाटी गुपचूप खाली ठेवली.

"तूच खा बाबा आधी."

भिवाजीनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

"काय रे, विष आहे का?"

"एका वाटीत काही कळंना, महाराज. अजून एक आणायला सांगा."