टिकली मुंगी आणि झोपाळू दिवा

किराणा दुकान. दुपारची वेळ. शटर बंद.

आत टिकली मुंगी चालली होती. तुरुतुरु तुरुतुरु. डोक्यावर साखरेचा कण. एवढ्या मोठ्या दुकानात तिचा तेवढाच.

कोनाड्यात देवाची तसबीर. तसबिरीपुढे लुकलुक दिवा. तेलाचा नाही, विजेचा. काचेच्या पोटात छोटी ज्योत नाचायची. लुकलुक लुकलुक. दिवा जुना. काच काळी पडलेली.

वीज गेली. फट्! सगळा काळोख.

साखरकण पडला. टुणुक टुणुक! दिव्यामागे कुठेतरी गेला.

वीज आली. दिवा लागलाच नाही.

"दिवेआजोबा, दिवेआजोबा, लागा ना! माझा साखरकण सापडेना."

दिवा झोपेतच पुटपुटला, "म्हातारा झालो गं. काळोखात मला जाग येत नाही. शटर उघडू दे. उजेड येऊ दे. मग लागतो."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"शटरराव, शटरराव, उघडा ना! दिवा लागेना. माझा साखरकण सापडेना."

शटर म्हणालं, "मी काय पडदा आहे, वाऱ्याने हलायला? नाना उचलतील, मग उघडतो."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मागच्या खोलीत दुकानदार भिवानाना झोपले होते. घोर्रर्र फूस! घोर्रर्र फूस!

"नाना, नाना, उठा ना! शटर उघडेना. दिवा लागेना. माझा साखरकण सापडेना."

नानांनी एक डोळा उघडला. "चहा आला?"

"नाही."

"मग मी उठलो नाही." डोळा बंद. घोर्रर्र फूस!

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

स्वयंपाकघरात नानांची बायको, तुळसाकाकू.

"काकू, काकू, चहा करा ना! नाना उठेनात. शटर उघडेना. दिवा लागेना. माझा साखरकण सापडेना."

"कशाचा करू? दूध नाही. बिनदुधाचा चहा दिला, की हे तोंड असं करतात." काकूंनी तोंड वाकडं करून दाखवलं. "म्हैस दूध देईल, मग करते."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

गोठ्यात चंद्री म्हैस बसली होती. ही एवढी!

"चंद्रीताई, चंद्रीताई, दूध दे ना! काकू चहा करीनात. नाना उठेनात. शटर उघडेना. दिवा लागेना. माझा साखरकण सापडेना."

चंद्री म्हणाली, "मी बसले की बसले. मला कोण उठवणार? तू? एवढीशी?" आणि नाकातून हवा सोडली. फुर्रर्र!

टिकली उडाली. गवतात पडली. उठली.

शेपटीवर चढली. पाठीवर गेली. शिंगावर गेली. कानात शिरली.

कचकन चावली!

"आई गंऽऽऽ!"

म्हैस उठली. धडपड धडपड!

काकूंनी दूध काढलं. चुर्र चुर्र.

चहा उकळला. खळखळ खळखळ.

नाना उठले. चहा प्यायले. सुर्रर्र सुर्रर्र.

शटर उघडलं. खडखड खडाड!

उजेडाची तिरीप आली. थेट दिव्याच्या पोटावर पडली.

लुक.

लुक... लुक.

लुकलुक लुकलुक! ज्योत नाचली.

नाना म्हणाले, "अगं, हा लागला की! बिघडला म्हणून मी फेकणार होतो."

काकू म्हणाल्या, "फेकताय कशाला? तुमचाच भाऊ आहे तो. जाग यायला वेळ लागतो, एवढंच."

दिव्यामागे काहीतरी चमकलं. साखरकण!

टिकली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. या वेळी डोक्यावर घेतला नाही. तिथेच खाल्ला.

कुडुम. कुडुम.

साखरकण संपला. गोष्ट संपली. डोळे मिटा.